ट्रेसाला नेमकं काय येतं

डॉर्न क्रीकच्या शाळेतून आजपर्यंत दोनच गोष्टी राज्यस्पर्धेला गेल्या. एक कुस्तीची टीम आणि दुसरी ट्रेसा होलेनकॅम्प. कुस्तीवाल्यांचा फोटो जिमच्या दारातच आहे, काचेत, वर दिवा सोडलाय. ट्रेसाचा फोटो लायब्ररीत, झेरॉक्स मशीनच्या मागे. मशीन बिघडलं आणि कुणी ते ओढून बाहेर काढलं, तरच तिचं तोंड दिसतं. गावाला तिचं काय करायचं ते कधी कळलंच नाही. तिला स्वतःलाही नाही कळलं, पण ते पुढे येईल.

सुरुवात अगदी फालतू होती. ती नववीत होती. दुपारी ती आणि तिचा मावसभाऊ डेल जिमच्या पायऱ्यांवर बसून चिप्स खात होते. तेवढ्यात मिस्टर ओ धावत आले. मिस्टर ओ म्हणजे ऑस्ट्रँडर सर. सकाळी केमिस्ट्री शिकवायचे, दुपारी पोरांना गाडी चालवायला शिकवायचे, आणि उरलेल्या वेळात शाळेची क्विझ टीम सांभाळायचे.

"तुमच्यातलं कोण मोकळं आहे?"

"दोघं पण," डेल म्हणाला. "पण मी बथ्थड आहे. हिला न्या."

चौथा गडी आजारी पडला होता आणि चार डोकी नसतील तर मॅच सोडून द्यावी लागणार होती. ट्रेसाला खुर्चीवर बसवलं, हातात बझर दिला. वायर वळवळणारी, टोकाला लाल बटण. "काही करू नकोस," मिस्टर ओ म्हणाले, "फक्त श्वास घे."

खेळ सांगायला सोपाय. प्रश्न म्हणजे एक ओळ नव्हे, अख्खा परिच्छेद असतो. पहिलं वाक्य इतकं अवघड की त्या विषयाच्या प्रोफेसरलाच कळावं, आणि शेवटचं इतकं सोपं की बसच्या ड्रायव्हरलाही यावं. वाचणारा वाचत जातो. ज्याला आधी कळलं त्यानं मध्येच बटण दाबायचं. फार लवकर दाबून बरोबर आलं तर पंधरा, उशिरा आलं तर दहा. मध्येच तोडलं आणि चुकलं तर पाच वजा, आणि वर आपल्याच टीमच्या नजरा.

त्या दिवशी ट्रेसानं तीन वेळा बटण दाबलं आणि तिन्ही वेळा बरोबर. काय उत्तरं दिली ते तिला बाहेर आल्यावर आठवेना.

"तुला हे कुठनं येतं गं?" डेलनं विचारलं.

"माहीत नाही. कुठंतरी पडलेलं असतं."

"पडलेलं म्हणजे? रस्त्यावर?"

"असंच समज."

मिस्टर ओंनी दुसऱ्या दिवशी गाडीच्या डिकीतून खोकी काढली. त्यात जुन्या स्पर्धांच्या प्रश्नांचे गठ्ठे होते, वर्षानुवर्षांचे, कडा पिवळ्या पडलेले. "पुस्तकं वाचायला आयुष्य लागतं," ते म्हणाले, "गठ्ठे वाचायला एक हिवाळा." आणि या माणसाची पोरांना गाडी शिकवायची पद्धतही तीच होती. आरसा नंतर, आधी ॲक्सिलरेटर.

ट्रेसानं ते गठ्ठे गिळले. खरंच गिळले, चावलेच नाहीत. अमुक चित्रात डाव्या कोपऱ्यात मांजर असलं की चित्रकार तमुक. अमुक कादंबरीत जनरलचा कुत्रा मरतो, की लेखक तमुक. चित्र तिनं पाहिलेलं नसायचं आणि कादंबरी तर हातातही धरलेली नसायची. पण प्रत्येक गोष्ट डोक्यात कुठल्या गठ्ठ्यातून आली, कितव्या पानावर होती, वर कॉफीचा डाग होता की नव्हता, हे मात्र तिला चोख आठवायचं. तिच्यासाठी तेच त्या गोष्टीचं गाव.

तिचा बाप वॉल्ट होलेनकॅम्प काउंटीचा रस्ते कामगार. हिवाळ्यात बर्फ लोटायचा, उन्हाळ्यात खड्डे भरायचा. शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये तळलेल्या माशाचं जेवण असतं, तिथं तो तिला चारचौघांत मिरवायचा.

"पोरीला परवा बक्षीस मिळालं. रशियन कादंबरीच्या प्रश्नावर!"

"अरे वा," समोरचा काटे काढत म्हणाला. "काय आहे गं त्या कादंबरीत?"

ट्रेसानं घास गिळला. "एक जनरल आहे. त्याचा कुत्रा मरतो."

"मग?"

"मग लेखक क्षयानं मेला."

"ते पुस्तकात आहे?"

"नाही, ते शेवटच्या वाक्यात आहे."

समोरच्यानं आणखी एक काटा काढला. मग वॉल्टच हसला, म्हणाला, "रशियन आहे ना, मरणारच," आणि विषय संपवला. पण घरी जाताना गाडीत त्यानं हळूच विचारलं, "ट्रेस, तुला ते येतं ना नक्की? म्हणजे, आपण लोकांना सांगतो तर..."

"येतं, डॅड."

"मग ठीक आहे."

येतं म्हणाली खरी. पण रात्रभर तिच्या डोक्यात ते फिरत राहिलं. येतं म्हणजे काय?

अकरावीत डेलनं शाळा सोडली. टायरच्या दुकानात लागला आणि पहिल्या पगारात एक म्हातारी पिकअप घेतली, जिचा उजवा दरवाजा आतून उघडत नव्हता. शाळेची बस फुटबॉलला असायची, क्विझला नसायची. मग डेल सुट्टी टाकून ट्रेसाला स्पर्धेला न्यायचा. मागच्या बाकावर बसायचा, एकही प्रश्न कळायचा नाही, पण ट्रेसानं बटण दाबलं की वाचणारा "बरोबर" म्हणायच्या आधीच टाळ्या वाजवायचा. त्याला दोनदा बाहेर काढलं. एकदा तर वाचणारी बाईच म्हणाली, "तुम्ही उत्तर देणार आहात का?" हा म्हणतो, "मी देत नाही, पण ती चुकत नाही."

विभागाच्या फायनलला मात्र भानगड झाली. वाचणाऱ्यानं चार-पाच शब्द उच्चारले असतील नसतील, ट्रेसानं दाबलं आणि एका फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाचं नाव टाकलं. बरोबर. समोरच्या शाळेचा कोच ताडकन उठला. शहरातली शाळा, सगळ्यांना सारखे कोट.

"एवढ्यात कुणालाच येत नाही! गठ्ठा फुटलाय. हिनं प्रश्न आधी बघितलाय."

ट्रेसाचं तोंड पांढरं पडलं. मिस्टर ओ सावकाश उठले.

"तिला परत तपासायचंय? तपासा. मग तुमच्या चौघांनाही तपासू. त्याच बाकावर, त्याच प्रश्नांवर. आहे तयारी?"

तयारी नव्हती. निकाल तसाच राहिला. ट्रेसाच्या जिवावर टीम राज्यस्पर्धेला गेली, तिथं सहावी आली आणि तिचा एकटीचा फोटो झेरॉक्सच्या मागे लागला. पण त्या दिवशी पार्किंगमध्ये एका आईनं गाडीची काच खाली करून "चोरटी" असं म्हटलं होतं. डेलनं हातातला सोड्याचा ग्लास त्यांच्या काचेवर रिकामा केला आणि वर म्हणाला, "सॉरी, निसटला." ट्रेसा हसली नाही. तिनं विचारलं, "डेल, मी तो प्रश्न खरंच बघितला नसेल ना? म्हणजे त्या खोक्यांत? तसाच असू शकतो."

"खोक्यातला बघितला तर ती चोरी नाही, तो अभ्यास."

"पण तोच्या तोच असेल तर?"

"डोकं खाऊ नको. घाल पट्टा."

पट्टा घातला. पण तो प्रश्न तिच्या डोक्यातून काही उतरला नाही. राज्याच्या विद्यापीठात गेली तिथंही तो बरोबर गेला.

विद्यापीठातला क्विझ क्लब केमिस्ट्रीच्या इमारतीच्या तळघरात बसायचा. तिथं दोन माणसं तिला भेटली. एक ऑगी प्रॉस्ट, कप्तान. इतिहासात पीएचडी करत होता, म्हणजे निदान तसं सांगत होता. इतकी वर्षं तिथं होता की झाडूवाले त्याला सर म्हणायचे. देशाच्या फायनलला तीनदा पोचलेला आणि तीनदा हरलेला. दुसरी नेका ओबियोरा, शिकागोची, जीवशास्त्राची. जिभेला धार. पहिल्याच दिवशी ट्रेसाला म्हणाली, "तू त्या गठ्ठे गिळणाऱ्यांपैकी ना? मी पुस्तकं वाचते. बघू कोण टिकतं."

टिकल्या दोघीही. ट्रेसा साहित्य, चित्रं, इतिहास आणि केमिस्ट्री, नेका बाकीचं विज्ञान. पण वर्गात ट्रेसाचे हाल होते. आधी केमिस्ट्री घेतली, मग सोडून इतिहास, मग साहित्य. साहित्याच्या प्रोफेसर बाईंनी एकदा तिला सगळ्यांसमोर विचारलं, "या कवितेबद्दल तुला काय वाटतं?"

ट्रेसा थांबली. तिला वाटलं प्रश्न अजून संपलेला नाही, पुढचं वाक्य येईल. बाई तिच्याकडे बघत राहिल्या. ती बाईंकडे.

"मिस होलेनकॅम्प?"

"पुढं वाचा ना," ट्रेसा म्हणाली.

वर्ग फुटला हसून. बाईंना वाटलं ही उद्धट आहे. पेपरवर लिहिलं, 'माहिती भरपूर, तुम्ही कुठे आहात?' ट्रेसानं तो शेरा डेलला फोनवर वाचून दाखवला.

"कुठे आहात म्हणजे? वर्गातच होतीस ना तू?"

"होते."

"मग बाईला चष्मा लागलाय."

या खेळात एक रीत आहे, ती बाहेरच्याला खोटी वाटते. मोठ्या स्पर्धांचे प्रश्न खेळणारेच लिहितात. प्रत्येक टीम एकेक गठ्ठा लिहिते, कुणीतरी संपादक तो साफ करतो, दुसऱ्या स्पर्धेला वापरतो. मग कधीतरी होतं असं, की आपण लिहिलेला, नाहीतर कुठं तरी पाहिलेला प्रश्न आपल्याच पुढ्यात येतो. अशा वेळी खेळाडूनं हात वर करून म्हणायचं, "मी पाहिलाय." बास. प्रश्न रद्द, बदली प्रश्न येतो. कुणी पुरावा मागत नाही. पंच नाही, कॅमेरा नाही, तुमचा शब्द हाच सगळा कारभार. ट्रेसा दुसऱ्या वर्षाला असताना पलीकडच्या राज्यातल्या एका गड्यानं प्रश्न चोरून पाहिले आणि हात वर केला नाही. सापडला. त्याच्या टीमची सगळी बक्षिसं काढून घेतली, पोरांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. त्या बातमीनं ट्रेसा दोन दिवस जेवली नाही.

"तू काय केलंयस?" नेकानं विचारलं.

"काही नाही. पण मला कसं कळणार, की मला येतंय की मी पाहिलंय?"

"तुला कळत नाही?"

"तुला कळतं?"

 

ट्रेसानं स्वतःही ढिगानं प्रश्न लिहिले. इतके की कुठला कुठं दिला ते राहिलंच नाही. आता डोक्यात तीन प्रकारचा माल झाला. वाचलेले गठ्ठे, लिहिलेले गठ्ठे आणि खेळलेले गठ्ठे. तिनं स्वतःपुरता नियम करून टाकला. गोष्ट आठवली की तिचं गाव आठवायचं. पान आठवलं, डाग आठवला, ते जुनं खोकं आठवलं तर चालेल, दाब. गाव आठवलं नाही तर सावध.

चौथ्या वर्षी ते फायनलला पोचले. ऑगीचं हे शेवटचं वर्ष. त्याच्या विभागानं त्याला सांगितलं होतं, आता प्रबंध दे नाहीतर खोली रिकामी कर. तीनदा हरलेल्या माणसाला एकदा तरी कप घेऊन बाहेर पडायचं होतं, आणि हे सगळ्या टीमला माहीत होतं. तो स्वतः एक शब्द बोलला नाही. फक्त त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आला. नेका कानात म्हणाली, "बघ, देवाला घाबरवायला आलाय."

डेल आला होता. आठ तास गाडी हाणून. मागच्या बाकावर बसला आणि सवयीप्रमाणे हात टाळीच्या तयारीत.

मॅच अशी चालली की कुणाला खोकला यायचीही सोय नव्हती. शेवटच्या प्रश्नाला दोन्ही टीमचे गुण बरोबरीत. संपादक हॉल्बर्ग, दाढीवाला, स्वतः वाचत होता. त्यानं पाणी प्यायलं आणि सुरू केलं.

"सत्तर साली एका बुरशीनं या पिकाच्या 'टेक्सास' म्हणवणाऱ्या वाणांचा फडशा पाडला, आणि बियाणं कंपन्यांना पुन्हा..."

ट्रेसाचा अंगठा बटणावर होता. उत्तर आलं. असं आलं, जसं कधीच आलं नव्हतं. पान नाही, डाग नाही, खोकं नाही. नुसतं उत्तर, आणि त्याच्याबरोबर काहीतरी ओलं, मानेला खाजणारं. आणि पुढचं वाक्यही तिला माहीत होतं. हॉल्बर्गनं उच्चारायच्या आधी तिला पुढचं वाक्य माहीत होतं. 'पुन्हा पोरं कामाला लावावी लागली, हातानं.'

गाव? गाव कुठंय याचं?

पुढचं वाक्य आधीच माहीत असणं म्हणजे एकच. पाहिलाय. कुठं तरी. कदाचित मीच लिहिलाय. तिच्या डोळ्यांपुढे पार्किंगमधली ती काच खाली आली. ट्रेसानं अंगठा उचलला आणि हात वर केला.

"मी पाहिलाय."

हॉल्बर्ग थांबला.  ऑगीनं तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही, डोळे मिटून घेतले नुसते आणि मान हलवली. म्हणजे ठीक आहे, असंच करायचं असतं. समोरच्या टीमच्या कप्तानानंही मान हलवली, आदरानं.

बदली प्रश्न आला. "आपल्या गावातला एक चित्रकार कर्जात मेल्यावर कोर्टानं या कापडवाल्याला त्याच्या मालमत्तेचा कारभारी नेमलं..."

डेल्फ्टचा कापडवाला. भिंगं घासायचा, दातांवरचा मळ भिंगाखाली धरून जंतू बघायचा. ट्रेसाला हे येत होतं. गठ्ठा माहीत, पान माहीत, डाग माहीत. सगळं गाव डोळ्यांसमोर. पण आता तिला त्याचीच भीती वाटली. इतकं स्पष्ट आठवतंय, म्हणजे हाही? दोन प्रश्न लागोपाठ पाहिलेत असं कसं म्हणायचं? लोक काय म्हणतील? आणि मी खरंच...

समोरून बझर वाजला. "लेव्हनहुक."

बरोबर.

डेलचे हात हवेतच राहिले.

नंतर काय झालं ते खरं वाईट. हॉल्बर्ग त्यांच्या टेबलाशी आला. त्याला उगीच छळायचं नव्हतं, त्याला काळजी होती. "ट्रेसा, तो पिकाचा प्रश्न कुठे पाहिलास? कारण तो मी गेल्या आठवड्यात लिहिला. माझ्या बायकोलाही दाखवला नाही. फुटला असेल तर सगळी स्पर्धा तपासावी लागेल."

"मला... मला वाटलं मीच लिहिला."

"तू नाही लिहिलास."

"मग कुठल्यातरी जुन्या..."

"जुन्यात असा प्रश्नच नाही. मी बघितलंय. म्हणूनच लिहिला."

ऑगीनं घसा साफ केला. "मग, हॉल्बर्ग, तिनं चुकून... म्हणजे तिचा हात मागे घेता येईल का?"

हॉल्बर्ग बिचारा कसनुसा झाला. "ऑगी, पाहिलाय म्हटलं की आम्ही विश्वास ठेवतो. नाही पाहिला म्हटलं की पण विश्वास ठेवतो. पण आधी पाहिला आणि मग नाही पाहिला, याला नियमच नाही. आजवर कुणी असं केलंच नाही."

"हिनं केलं," नेका म्हणाली.

ते चौघं आणि डेल परतीच्या वाटेवर हायवेलगतच्या एका न्याहारीच्या हॉटेलात थांबले. दिवसभर अंडी आणि पॅनकेक मिळणारं, चिकट टेबलांचं. टीममधला चौथा गडी बाहेर फोनवर कुणाला तरी निकाल सांगत होता. ऑगी इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या दुमडत बसला होता, पुन्हा उलगडत होता. शेवटी नेका बोलली.

"खरं बोलून हरलो असतो तर मी तुझ्या पाया पडले असते. पण तू खरं पण बोलली नाहीस. तुला येत होतं! तुला येत होतं, आणि तू सांगितलंस की पाहिलाय!"

"मला वाटलं..."

"चार वर्षांत तुला कधी काही वाटलं नाही, आजच वाटायचं होतं?"

"ए बाई," डेल पुढं झुकला, "तोंड सांभाळ. ती खोटं बोलत नाही."

"मी कुठं म्हणतेय बोलते? मी म्हणतेय तिला कळतच नाही!"

"काय कळत नाही? उत्तर काय होतं त्याचं?"

"मका," ट्रेसा हळूच म्हणाली.

डेलनं तिच्याकडे पाहिलं. मग नेकाकडे. मग परत तिच्याकडे. "मक्याची ती बुरशी? टेक्सासवाली?" तो मोठ्यानं हसायलाच लागला. "अगं येडे! वांडा म्हातारी!"

"कोण वांडा?" ऑगीनं विचारलं.

"आमची मुकादम. मक्याचे तुरे खुडायच्या टोळीची. आमच्याकडे सगळी पोरं बारा-तेरा वर्षांची झाली की जुलैत तुरे खुडायला जातात, बियाण्याच्या शेतात, झाडाचा पराग त्याच्याच कणसावर पडू नये म्हणून. हिनं तीन उन्हाळे काढले माझ्याबरोबर. पहाटेच्या बसमध्ये वांडा रोज तीच रेकॉर्ड लावायची. 'पोरांनो, रडू नका. सत्तर साली ती बुरशी आली नसती, तर तुमची गरजच नव्हती. ते टेक्सास वाण असं होतं की तुरे खुडायलाच नकोत. मग एका उन्हाळ्यात सगळं करपलं, कणसांवर काळी बुरशी, आणि पुढच्या वर्षी परत हातानं. तेव्हा बुरशीला थँक्यू म्हणा आणि उतरा.' रोज! आम्ही झोपेत म्हणायचो ते!"

 ट्रेसा म्हणाली, "ते पाठ होतं मला."

"पाठ काय, तू नक्कल करायचीस तिची!"

"पण ते... ते माहीत असणं नाही ना डेल. ते सगळ्यांनाच माहीत असतं."

"कुणाला सगळ्यांना?" नेका म्हणाली. "मी जीवशास्त्र शिकते, मला नव्हतं माहीत. मी शेवटच्या वाक्यापर्यंत थांबले असते."

ऑगीनं बाह्या सोडल्या. "कसं असतं ते?" त्यानं विचारलं. तो खरंच विचारत होता. हरलेल्या माणसाला दुसऱ्या कशाततरी डोकं घालायचं असतं.

"काय?"

"तुरे खुडणं."

"काही नाही. दव असतं, सगळं भिजतं, म्हणून कचऱ्याची पिशवी घालायची, भोकं पाडून. पानं मानेला कापतात. दुपारी तीच पिशवी भट्टी होते. तुरा वर ओढायचा, कट्ट आवाज येतो. एका ओळीतला खुडायचा, शेजारच्या ओळीतला नाही, नाहीतर वांडा मागं पाठवते. चुकून ठेवलेला एक तुरा सगळं शेत..." ती थांबली. "हे सगळ्यांना माहीत असतं."

"परत तेच!" नेका म्हणाली, पण आता ती ओरडत नव्हती.

ऑगीनं कागदी रुमाल ओढला आणि पेन काढलं. त्याची खोडच ती. कुठंही बसला की प्रश्न लिहायला लागायचा. "चल, लिहू. पुढच्या वर्षीच्या गठ्ठ्याला. मी नसेन, पण प्रश्न तर असेल. सगळ्यात अवघड वाक्य आधी. सांग."

ट्रेसानं विचार केला. "कट्ट आवाज."

"तो कोण ओळखणार?"

"डॉर्न क्रीकला? कुणीही. ते तर शेवटी यायला पाहिजे."

"मग इथं पहिलं घेऊ. आणि शेवटी?"

"टेक्सास वाण," डेल म्हणाला. "ते तर शेंबडं पोर पण सांगेल."

"डेल, ते हॉल्बर्गनं पहिलं घेतलं होतं," नेका म्हणाली. "ते सगळ्यात अवघड आहे."

"कुणाला?"

"सगळ्यांना!"

"कुठल्या सगळ्यांना?"

ऑगीनं रुमालावर एक आकडा लिहिला, खोडला, वर दुसरा लिहिला, त्याच्याकडून बाण काढला खाली, मग बाणही खोडला. रुमाल फाटला. "म्हणजे हा प्रश्न," तो म्हणाला, "दोन्ही बाजूंनी वाचता येतो."

"मग आधी बटण कुणी दाबायचं?" ट्रेसानं विचारलं. विनोद म्हणून नाही. तिला खरंच हवं होतं ते उत्तर. ती एकेकाच्या तोंडाकडे बघत होती, की आता कुणीतरी पुढचं वाक्य वाचेल.

 तेवढ्यात वाढणारी बाई दोन्ही हातांवर ताटल्या तोलत आली.

"बटाट्याबरोबर अंडी कोणाची?"

नेकानं मान हलवली, ऑगीनं हलवली. डेलनं तिच्या दुसऱ्या हातावरच्या पॅनकेककडे बोट दाखवलं.

ट्रेसानं हात अर्धा वर केला. "माझी," ती म्हणाली, "बहुतेक."